वाचकांचे प्रश्न : आठ महिन्यांचं हंगामी सरकार

प्रश्न : सर, मी बीए करतेय, हिस्ट्री घेऊन. रशियात १९१७ च्या फेब्रुवारीत झार गेला, हंगामी सरकार आलं आणि ऑक्टोबरमधे तेही गेलं एवढं समजलं. पण नोट्समधे कारणांची नुसती लिस्ट आहे, युद्ध, जमीन, पाव, केरेन्स्की दुबळा, लेनिन हुशार. पाठ केलं तर मार्क मिळतील, पण ज्यांनी एवढा मोठा झार घालवला त्यांना आठ महिनेसुद्धा राज्य का करता आलं नाही हे मला खरंच कळलं नाही.
— एक विद्यार्थिनी, म्हापसा

उत्तर : तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं. लिस्ट पाठ करून हा विषय कळत नाही, कारण ती सगळी कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत, एक ओढलं की मागून दुसरं येतं. आधी एक सांगून ठेवतो, खालच्या तारखा तेव्हाच्या रशियन कॅलेंडरप्रमाणे आहेत, ते आपल्या कॅलेंडरच्या १३ दिवस मागे चालायचं, म्हणून आपल्या हिशेबाने मार्चमधली क्रांती तिथे फेब्रुवारीची आणि नोव्हेंबरमधली ऑक्टोबरची.

आता तुझ्याच वाक्यापासून सुरू करू. 'ज्यांनी झार घालवला त्यांना राज्य करता आलं नाही' असं तू लिहिलंयस, पण झार घालवणारे एक आणि सरकारात बसलेले दुसरेच, सगळी गोष्ट इथूनच सुरू होते. २३ फेब्रुवारीला महिला दिन होता, त्या दिवशी राजधानी पेट्रोग्राडच्या कापड गिरण्यांतल्या बायका पावासाठी रस्त्यावर आल्या. आपल्याकडे एक दिवस पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला नाही तरी घरात चुकल्यासारखं होतं, आणि तिथे त्या बायका कित्येक आठवडे कडाक्याच्या थंडीत रात्रीपासून पावाच्या रांगेत उभ्या राहत होत्या, घरातला पुरुष पहिल्या महायुद्धावर, दिवसभर गिरणीत काम आणि रात्री ही रांग. त्यांच्याबरोबर बाकीचे कामगार आले, दोन-तीन दिवसांत सगळं शहर बंद पडलं आणि २७ तारखेला ज्यांना गोळ्या घालायला पाठवायचं ते सैनिकच फिरले, पहिली व्होलिन्स्की रेजिमेंट आणि मग एकामागून एक बाकीच्या. २ मार्चला झार निकोलसने प्स्कोव्हला रेल्वेच्या डब्यात राजीनाम्यावर सही केली, दुसऱ्या दिवशी त्याच्या भावाने मिखाईलने गादी नको म्हणून सांगितलं, आणि ३०० वर्षांचं रोमानोव्ह घराणं आठ-नऊ दिवसांत संपलं.

पण सरकारात बसले ते दुमाचे मेंबर. दुमा म्हणजे झारच्या काळातलं पार्लमेंट, १९१२ साली निवडलेलं, आणि निवडणुकीचा कायदा असा की जमीनदाराच्या मताला शेतकऱ्याच्या मतापेक्षा कितीतरी जास्त वजन. प्रिन्स ल्वोव्ह पंतप्रधान, मिल्युकोव्ह परराष्ट्रमंत्री, गुचकोव्ह युद्धमंत्री, आणि डाव्या बाजूचा म्हणावा असा एकटा केरेन्स्की, तो कायदामंत्री. माणसं शिकलेली होती, बरीचशी प्रामाणिकही होती, पण त्यांना कोणी निवडून दिलेलं नव्हतं आणि हे त्यांनाही माहीत होतं, म्हणूनच नावात 'हंगामी' आलं. रस्त्यावरच्या लोकांनी आपली वेगळी संस्था काढली, कामगार आणि सैनिकांच्या प्रतिनिधींची पेट्रोग्राड सोव्हिएत. सुरुवातीला दोघंही एकाच इमारतीत, तौरिद राजवाड्यात, एका बाजूच्या विंगमधे दुमाची मंडळी आणि दुसऱ्या बाजूला सोव्हिएत.

सोव्हिएतने १ मार्चला पहिला हुकूम काढला तो इतिहासात 'हुकूम नंबर एक' म्हणून प्रसिद्ध आहे. प्रत्येक तुकडीत सैनिकांची कमिटी होणार, हत्यारं कमिटीच्या ताब्यात राहणार, आणि दुमाची लष्करी ऑर्डर सोव्हिएतच्या म्हणण्याविरुद्ध नसेल तरच पाळायची. म्हणजे सरकार जन्माला यायच्या आदल्या दिवशीच सैन्य त्याच्या हातातून गेलेलं होतं. गुचकोव्हने आठवडाभरात सैन्य सांभाळणाऱ्या जनरल अलेक्सेयेव्हला पत्रात स्पष्ट लिहिलं की सरकारकडे खरी सत्ता नाही, सैन्य, रेल्वे, पोस्ट, तार सगळं सोव्हिएतकडे आहे, सोव्हिएत परवानगी देईल तेवढंच सरकारचं चालतं. स्वतः युद्धमंत्री हे लिहितोय! त्यात पोलीस खातं बरखास्त केलेलं, जुने गव्हर्नर काढून टाकलेले, त्यामुळे राजधानीत ठरलेली गोष्ट खेड्यात करून घ्यायला माणूसच नव्हता. आणि नोट्समधे बहुतेक नसतं पण मला फार महत्त्वाचं वाटतं असं एक कलम सांगतो. सरकारने पहिल्या दिवशी जो आठ कलमी कार्यक्रम जाहीर केला त्यात लिहून दिलं होतं की क्रांतीत भाग घेतलेल्या पेट्रोग्राडच्या पलटणींची हत्यारं काढणार नाही आणि त्यांना शहराबाहेर हलवणार नाही. दीड लाखाच्या वर सैनिक राजधानीत, आणि त्यांना हात लावायचा नाही असा शब्द दिलेला. हे लक्षात ठेव, शेवटी परत लागेल.

तरी मी या लोकांना नालायक म्हणणार नाही, तसं म्हटलेलं ऐकलं की वाईट वाटतं. पहिल्या काही आठवड्यांत त्यांनी राजकैदी सोडले, फाशी बंद केली, छापण्या-बोलण्याचं स्वातंत्र्य दिलं, धर्म आणि जात-वंशावरून असलेले निर्बंध काढले, ज्यू लोकांना पहिल्यांदा बरोबरीचे हक्क मिळाले, बायकांना मताचा अधिकार मिळाला. युद्ध चालू असताना एवढं स्वातंत्र्य तेव्हा जगात क्वचितच कुठे असेल. मात्र लोक ज्याची वाट बघत होते ते तीन प्रश्न, युद्ध कधी थांबणार, जमीन कधी मिळणार, आणि खरं निवडून आलेलं सरकार कधी येणार, या तिन्हींवर उत्तर एकच, 'थांबा, घटना समिती येईल आणि ठरवेल'. घटना समिती म्हणजे राज्यघटना करायला लोकांनी निवडून द्यायची सभा, आणि ती काही येत नव्हती. मला विचारशील तर सरकार पडलं ते या 'थांबा' मुळे, बाकी सगळं त्याच्या मागून आलं.

युद्धाचं बघ. सोव्हिएत म्हणत होती दुसऱ्याचा मुलूख नको, फक्त आपला बचाव करू आणि लवकर तह करू, तर मिल्युकोव्हला तुर्कांची राजधानी कॉन्स्टँटिनोपल आणि तिथल्या सामुद्रधुन्या हव्या होत्या. १८ एप्रिलला त्याने मित्रराष्ट्रांना चिठ्ठी पाठवली की रशिया शेवटपर्यंत लढणार, ते पेपरात आल्यावर लोक परत रस्त्यावर, मिल्युकोव्ह आणि गुचकोव्ह दोघंही गेले आणि मे महिन्यात सोव्हिएतमधले समाजवादी नेते मंत्री झाले. वाटलं की आता दोन सत्तांचं भांडण मिटलं, पण झालं उलटंच, लोकांचा राग आधी फक्त सरकारवर होता तो आता या समाजवादी पक्षांवर पण यायला लागला, आणि सत्तेच्या बाहेर राहिलेला मोठा पक्ष एकच उरला, लेनिनचा बोल्शेविक पक्ष. लेनिन एप्रिलमधे परत आल्यापासून तेच सांगत होता, या सरकारला काही सपोर्ट द्यायचा नाही.

केरेन्स्की आता युद्धमंत्री. फ्रंटवर फिरून भाषणं करायचा, लोक रडायचे, हार घालायचे, आणि त्याला खरोखर वाटलं की स्वतंत्र झालेला सैनिक जास्त जिद्दीने लढेल. १८ जूनला गॅलिशियात हल्ला सुरू केला, पहिले थोडे दिवस बरे गेले, मग तुकड्या पुढे जायला तयार होईनात, कमिट्यांमधे मतदान घेऊन हल्ला करायचा की नाही ठरवू लागल्या, आणि जर्मनांचा उलटा हल्ला आल्यावर फळीच कोसळली. जुलैच्या सुरुवातीला पेट्रोग्राडमधे सरकारविरुद्ध हत्यारी मोर्चे निघाले, ते कसेबसे दाबले, बोल्शेविकांना आत टाकलं, ल्वोव्ह थकून बाजूला झाला, केरेन्स्की पंतप्रधान झाला, आणि मार्चमधे बंद केलेली फाशी फ्रंटवर परत आणली. ज्या सरकारची एकमेव कमाई स्वातंत्र्य होती त्याला चार महिन्यांत हे करावं लागलं.

आता ऑगस्ट, खरा घाव इथे बसला असं मला वाटतं. नवा सेनापती जनरल कोर्निलोव्ह कडक शिस्तीचा. केरेन्स्कीला पण राजधानीत भरवशाचं सैन्य हवंच होतं, दोघांची बोलणी चालू होती, मधे एक मध्यस्थ निरोप नेत-आणत होता आणि त्या निरोपांमधे काय ठरलं याचा दोघांचा समज वेगळा. केरेन्स्कीला वाटलं हा मलाच काढून हुकूमशहा होणार, त्याने २७ ऑगस्टला कोर्निलोव्हला काढला, कोर्निलोव्ह हटेना, सैन्य पेट्रोग्राडकडे निघालं. अडवणार कोण? सरकारकडे स्वतःचं काहीच नव्हतं. रेल्वेच्या कामगारांनी रूळ उखडले, गाड्या भलत्याच मार्गावर घातल्या, सोव्हिएतची माणसं डब्याडब्यात जाऊन सैनिकांशी बोलली आणि जवळपास गोळी न झाडता सगळं विरघळून गेलं. पण त्यात कामगारांना बंदुका मिळाल्या, त्या परत आल्या नाहीत. जुलैत आत टाकलेले बोल्शेविक सुटले. आणि केरेन्स्कीवर दोन्ही बाजूंचा विश्वास उडाला, लष्करी अधिकारी म्हणाले याने आमच्या सेनापतीला दगा दिला, कामगार म्हणाले हा त्याच्याशी आतून मिळालेला होता. सप्टेंबरमधे पेट्रोग्राड आणि मॉस्को दोन्ही सोव्हिएत बोल्शेविकांकडे गेल्या.

आता ते कलम आठव. ऑक्टोबरमधे जर्मन जवळ आले म्हणून राजधानीतल्या पलटणी फ्रंटवर पाठवायच्या असं ठरायला लागलं, सैनिक खवळले, आम्हाला शब्द दिला होता तो मोडताय. तोपर्यंत बोल्शेविकांचा नेता ट्रॉट्स्की पेट्रोग्राड सोव्हिएतचा अध्यक्ष झालेला, सोव्हिएतने लष्करी क्रांतिकारी समिती काढली आणि पलटणी तिचं ऐकू लागल्या. २४ आणि २५ तारखेला पूल, स्टेशनं, टेलिफोन एक्स्चेंज, बँक ताब्यात घेतली तेव्हा जवळजवळ कुठेच लढाई झाली नाही. केरेन्स्की २५ ला सकाळी मोटारीने सैन्य आणायला गेला, त्याला मिळाले काही शे कोसॅक घोडेस्वार. विंटर पॅलेसमधे मंत्र्यांच्या रक्षणाला मिलिटरी स्कूलची पोरं आणि बायकांच्या बटालियनची एक तुकडी, त्यातलेही पुष्कळ जण संध्याकाळपर्यंत निघून गेले. रात्री दोन वाजून गेल्यावर मंत्र्यांना छोट्या डायनिंग रूममधे पकडलं. एवढ्या मोठ्या देशातून या सरकारसाठी मरायला तयार असलेली एक धड पलटणसुद्धा आली नाही, तुझ्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना याच ठिकाणी मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो. केरेन्स्की दुबळा होता का? चुका खूप केल्या त्याने. पण मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत चार मंत्रिमंडळं झाली, माणसं बदलली, आणि उत्तर 'थांबा' हेच राहिलं.

प्रश्न : नमस्कार. आमचं घर कुळांचं, आजोबा भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, शेतात राबले, कूळ कायद्याने जमीन आमच्या नावावर आली. रशियातल्या त्या सरकारने लगेच जमीन वाटून टाकली असती तर शेतकरी त्यांच्या बाजूने उभा राहिला नसता का? एवढं साधं का सुचलं नाही?
— एक शेतकरी वाचक, पेडणे

उत्तर : नमस्कार काका. सुचलं होतं, अगदी त्यांच्या शेतीमंत्र्याला, चेर्नोव्हला, त्याचा समाजवादी क्रांतिकारक पक्ष म्हणजे शेतकऱ्यांचाच पक्ष. पण मंत्रिमंडळात जमीनदारांच्या बाजूचे पण होते, ते म्हणायचे मोबदला न देता कोणाची मालमत्ता घेणं हे हंगामी सरकारचं काम नव्हे. शिवाय एक खरी भीती होती. सैन्यातले बहुतेक सगळे म्हणजे शेतकऱ्यांची पोरं, गावात जमीन वाटायला घेतली असं कळलं तर आपला वाटा चुकेल म्हणून फ्रंट सोडून घराकडे धावतील. जमीन आणि युद्ध असे एका गाठीत बांधलेले होते, युद्ध चालू ठेवायचं म्हणून जमीन थांबवायची. शेवटी झालं काय, जमीन थांबवून पण सैनिक धावलेच.

तुम्हाला समजेल म्हणून अजून एक सांगतो. रशियन खेड्यात 'मीर' म्हणून गावाची संस्था होती, आपल्या कोमुनिदादीची, म्हणजे गावकारीची, आठवण यावी अशी, जमीन गावाची आणि ती ठरावीक वर्षांनी घरातली माणसं बघून परत वाटायची. आपल्या गावकारीत हक्क घराण्याने चालत यायचा, तिथे खाणारी तोंडं मोजायचे, एवढा फरक. म्हणजे शेतकऱ्याकडे जमीन वाटायची पद्धत तयार होती, माणसं तयार होती, त्याला फक्त वरून 'हो' पाहिजे होतं. ते आलं नाही तेव्हा उन्हाळ्यापासून गावंच ठरवून जमीनदाराच्या जमिनीवर नांगर घालायला लागली, जंगल तोडायला लागली, आणि सप्टेंबरमधे तांबोव्हसारख्या भागात वाडे जळाले. सरकारने ना जमीन दिली ना जमीनदाराला वाचवलं.

धान्याचं पण तसंच. मार्चमधेच सरकारने ठरवलं की जास्तीचं सगळं धान्य ठरलेल्या भावाने सरकारलाच विकायचं. पण रूबलची किंमत घसरत चाललेली आणि बाजारात खिळा, कापड, नांगराचा फाळ काही मिळत नाही, मग शेतकरी कागदाच्या नोटा घेऊन करणार काय, त्याने धान्य घरातच ठेवलं. भाव वाढवणार नाही म्हणत म्हणत ऑगस्टच्या शेवटी एकदम दुप्पट केला, त्याने ज्यांनी आधी स्वस्तात दिलं ते चिडले आणि शहरातला पाव आणखी महागला.

आपल्याकडचं म्हणाल तर १९६१ ला गोव्याची मुक्ती, १९६३ च्या डिसेंबरला निवडणूक, भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार आलं आणि १९६४ ला कूळ कायदा. जमीन कसणाऱ्याच्या मालकीची व्हायला मात्र १९७६ ची पाचवी दुरुस्ती यावी लागली, आणि त्यानंतरही कोर्टात किती वर्षं गेली ते तुमच्या घराला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तरी लोक थांबले, कारण सरकार आपण मत देऊन बसवलंय आणि काहीतरी कागद पुढे सरकतोय हे दिसत होतं. रशियन शेतकऱ्याला यातलं काहीच दिसत नव्हतं. लेनिनने सत्ता घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी, २६ ऑक्टोबरला, जमिनीचा हुकूम काढला, आणि त्यातला बराच मजकूर चेर्नोव्हच्याच पक्षाने शेतकऱ्यांच्या मागण्या जमवून केलेल्या मसुद्यातला होता. ज्यांनी तो कार्यक्रम आयुष्यभर मांडला त्यांच्या हातात सत्ता असताना त्यांनी तो केला नाही, हे वाचताना मला आजही हळहळ वाटते.

प्रश्न : लेनिनला जर्मनांनी पैसे देऊन पाठवला आणि म्हणून सरकार पडलं, असं एका व्हिडिओत बघितलं. खरं का?
— एक वाचक, वास्को

उत्तर : लेनिन जर्मनीतून, जर्मन सरकारच्या परवानगीने ट्रेनने आला हे खरं, जर्मनीला रशिया युद्धातून बाहेर पडायला हवाच होता. पैशाचा आरोप हंगामी सरकारने जुलैमधेच केला, कागद छापले, लेनिनला फिनलंडमधे लपावं लागलं, बोल्शेविकांचं नाव काही आठवडे खूप खराब झालं. पण दोन महिन्यांत तेच लोक सोव्हिएतमधे बहुमतात आले. पैशाने पेपर छापता येतात, पण पावाची रांग, हरलेला हल्ला आणि कोर्निलोव्हची भानगड या जर्मनांनी पैसे देऊन घडवलेल्या गोष्टी नव्हत्या.

प्रश्न : महोदय, मी निवृत्त शिक्षक. आपण मागे एका उत्तरात लिहिलं होतंत की रशियातल्या हंगामी सरकारने निवडणूक लगेच घ्यायला हवी होती. मला हे पटलं नाही. महायुद्ध चालू, लाखो मतदार खंदकात, एवढा अवाढव्य देश, मतदार याद्या नाहीत, अशा वेळी निवडणूक घेणं शक्य तरी होतं का?
— एक वाचक, साखळी

उत्तर : गुरुजी, तुमचा मुद्दा हलका नाही, तेव्हाच्या मंत्र्यांचं पण हेच म्हणणं होतं. तरी मी माझ्या मतावर आहे आणि का ते सांगतो.

आपल्या गोव्याला जवळचं उदाहरण पोर्तुगालचं. ५ ऑक्टोबर १९१० ला लिस्बनमधे राजा गेला, प्रजासत्ताक आलं, आणि त्याचमुळे इथल्या हिंदूंना बरोबरीचे हक्क मिळाले हे तुम्ही वर्गात शिकवलं असेल. तिथे पण हंगामी सरकारच होतं, तेओफिलो ब्रागांच्या हाताखाली. त्यांनी २८ मे १९११ ला घटना समितीची निवडणूक घेतली, म्हणजे आठ महिन्यांच्या आत, आणि ऑगस्टमधे राज्यघटना तयार. देश लहान, युद्ध नाही, मतदार कमी, हे सगळं मान्य. पण आठ महिन्यांत त्यांनी 'हंगामी' शब्द पुसला आणि तेवढ्याच आठ महिन्यांत रशियाचं सरकार संपलं.

रशियात कायदा बनवणारी समिती बसायलाच मे महिन्याचा शेवट उजाडला. मोठमोठे कायदेपंडित, त्यांना जगातला सगळ्यात चांगला मतदान कायदा करायचा होता, पळून गेलेल्या सैनिकाला मत द्यायचं का, राजघराण्यातल्यांना द्यायचं का, वय किती, यावर बैठकांवर बैठका. जूनमधे तारीख ठरली १७ सप्टेंबर. ऑगस्टमधे ती पुढे ढकलून १२ नोव्हेंबर केली. आणि गुरुजी, ती निवडणूक नोव्हेंबरमधे झाली! तेच युद्ध, तेच खंदक, तोच अवाढव्य देश, वर सरकार उलथलेलं, तरी चार कोटींच्या वर लोकांनी मतदान केलं, खंदकातल्या सैनिकांनी पण केलं. खेड्यातल्या बायका पहिल्यांदा मत द्यायला गेल्या. म्हणून शक्य नव्हतं हे मला मानता येत नाही. सप्टेंबरमधे झाली असती तर याद्यांत चुका राहिल्या असत्या, काही जिल्हे सुटले असते, पण ऑक्टोबरमधे विंटर पॅलेसमधे बसलेलं सरकार लोकांनी निवडलेलं असतं आणि ते पाडायला निघालेल्याला दहा वेळा विचार करावा लागला असता.

निकाल पण बघा. समाजवादी क्रांतिकारक सगळ्यात मोठे, बोल्शेविकांना साधारण चौथा हिस्सा मतं, मात्र पेट्रोग्राड, मॉस्को आणि जवळच्या फ्रंटवर तेच पुढे. म्हणजे देश एकीकडे आणि बंदुका असलेली ठिकाणं दुसरीकडे. ज्या घटना समितीसाठी सगळ्या रशियाला आठ महिने थांबा म्हणून सांगितलं ती ५ जानेवारी १९१८ ला एकदाची भरली, त्याच तौरिद राजवाड्यात, अध्यक्ष म्हणून चेर्नोव्ह. रात्रभर भाषणं झाली, जमिनीचा कायदा घाईघाईत वाचून मंजूर केला. पहाटे पहाऱ्यावरचा एक खलाशी अध्यक्षाच्या खुर्चीजवळ आला आणि म्हणाला की पहारेकरी दमलेत, आता हॉल रिकामा करा. दुसऱ्या दिवशी मेंबर परत आले तेव्हा दाराला कुलूप होतं.